शिक्षण, रोजगार आणि वेतन : भिलाईचा धडा

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारानुसार भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आरंभीच्या काळात शाळेची पायरीही न चढलेल्या अनेकांना तेथे कायमची नोकरी लाभली. घर, दवाखाना आणि मुलांची शाळा या सुविधा नोकरीसोबतच आल्या.

‘नौकरी’ आणि ‘काम’

हे चित्र पुढे पालटले. १९८० च्या दशकाच्या मध्यास कारखान्यात साठ हजारांहून अधिक कायम कर्मचारी होते. यंत्रीकरण, स्वेच्छानिवृत्ती आणि रिक्त पदे न भरण्याचे धोरण यांमुळे पुढील तीन दशकांत ही संख्या निम्म्याहूनही खाली आली. बरीचशी कामे कंत्राटी मजुरांकडे गेली. भिलाईचा दीर्घकाळ अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी स्थानिक बोलीतील एक मार्मिक भेद नोंदवला आहे : कायमची ती ‘नौकरी’, बाकी सारे ‘काम’. एकाच आवारात राबणाऱ्या दोघांच्या वेतनात कित्येक पटींचे अंतर पडते. ते केवळ कौशल्याचे नसून प्रामुख्याने नेमणुकीच्या स्वरूपाचे असते. कंत्राटी पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्याच खटल्यात दिला.

शिक्षणाचे मोल

नोकऱ्या कमी झाल्या, तशी पात्रतेची अट वाढली. वडील निरक्षर असूनही कायम झाले. मुलाला मात्र आयटीआय किंवा पदविका हाती असूनही रांगेत उभे राहावे लागले. म्हणजेच शिक्षण नोकरीची हमी देत नाही. परंतु त्यावाचून दारापर्यंतही पोहोचता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये ‘मानवी भांडवल’ या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या मते कौशल्य दोन प्रकारचे असते : कोठेही उपयोगी पडणारे आणि एकाच आस्थापनेपुरते मर्यादित. लेखन, गणित, वेल्डिंग वा विद्युतकाम ही पहिल्या प्रकारची उदाहरणे होत. एका विशिष्ट भट्टीची खोड ओळखणे हे दुसऱ्या प्रकारात मोडते. नोकरी सुटताच त्याचे मोल बाजारात उरत नाही.

नोकरी गेल्यानंतर

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातील अभ्यासात (१९९३) हेच दिसले. अडचणीतील कंपन्यांतून दीर्घ सेवेनंतर बाहेर पडलेल्या कामगारांचे उत्पन्न, पाच-सहा वर्षांनंतरही, पूर्वीच्या मानाने सुमारे २५ टक्के कमी राहिले. भारतातील कंत्राटी मजुराला तर भरपाईचा आधारही क्वचितच मिळतो. अशा वेळी घरातील पहिली कात्री बहुधा मुलांच्या शिक्षणावर चालते आणि एका पिढीचे नुकसान दुसऱ्या पिढीच्या माथी येते.

कुटुंबाने काय करावे?

१. किमान सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम सहज काढता येईल अशा ठेवीत ठेवावी.
२. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती येताच घरबांधणी वा लग्नकार्यात संपवू नये. तिचा मोठा भाग नियमित उत्पन्न देणाऱ्या ठेवींत गुंतवावा.
३. अनुभवाने आलेल्या कौशल्याचे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र नोकरीत असतानाच मिळवावे.
४. मुलांचे शिक्षण थांबवण्यापूर्वी शैक्षणिक कर्जाची चौकशी अवश्य करावी.

भट्टी विझली तरी कामगाराजवळ उरते ते त्याचे शिक्षण आणि त्याची बचत. दोन्हींची तजवीज वेतन सुरू असतानाच करावी लागते.