दीड वर्ष

हिवरखेड, ता. तेल्हारा

चि. बापूस मामाचे अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीत तुला 18 हजारांची नोकरी लागल्याचा तुझ्या आईचा फोन आला, तेव्हा मी पऱ्हाटीत होतो. तिथंच धुऱ्यावर बसून घेतलं. दुसऱ्या दिवशी तू हप्त्यावर मोबाइल घेण्याचं विचारलंस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या ताईच्या लग्नाचं कर्ज अजून 80 हजार आहे, शेकडा तीननं. महिन्याला 2,400 रुपये नुसतं व्याज. तुझी आई साध्या लग्नाला तयार होती. बँड पाहिजे, दोन गावांची पंगत पाहिजे, असा हट्ट मी धरला. मामाचा मान मला मोठा वाटला, आणि त्याचा बोजा तुझ्या पहिल्या पगारावर आला. याची मला लाज वाटते. सावकाराचा हा दर कायद्यात बसत नाही. परवान्याचं आणि पावत्यांचं मी त्याला विचारलं आहे, ते काम माझ्याकडे राहिलं. पण मुद्दल आपण उचललं आहे.

मी वहीवर दोनदा मांडून पाहिलं. तू महिन्याला 6,000 पाठवलेस तर साधारण दीड वर्षात कर्ज फिटतं. मोबाइलच्या हप्त्यात 2,000 गेले आणि 4,000 च आले, तर 31 महिने लागतात. वर जवळजवळ 20 हजार जास्त जातात. 2,400 च पाठवत राहिलास तर कधीच फिटत नाही.

हा हिशेब मांडताना गाडगेबाबा आठवले. ते आपल्याच मुलखातले. शेंडगावात 1876 साली जन्मले. बाप दारूनं गेला, म्हणून मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले, गुरं राखली, नांगर धरला. निरक्षर मामाची शेती सावकाराच्या कर्जात गेली, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढं मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटण घालायची रीत होती. त्यांनी गोडाचं जेवण घातलं आणि लोकांची नाराजी सोसली. कीर्तनातून जन्मभर सांगत राहिले की सणावारासाठी, लग्नासाठी कर्ज काढू नका, भांडी विका पण लेकरं शिकवा. स्वतःच्या अंगावर चिंध्या, हातात गाडगं. आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. त्यातल्या एकीतही स्वतःसाठी खोली धरली नाही. बाबांच्या मामाची ही गोष्ट मला लग्नाआधी आठवायला हवी होती.

आता एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. पोटाला चिमटा घेऊ नकोस. बारा तास उभं राहून काम करणारा पोरगा वडापाववर राहिला तर वाचवलेलं दवाखान्यात जातं. ज्वारी आणि तुरीची डाळ मी इथून पाठवतो. खोलीवरच्या पोरांबरोबर रांधून खा. आजारी पडलास तर त्या महिन्यात पैसे पाठवू नकोस, मी कापसातून भागवीन. रात्रीचा आयटीआयचा अभ्यास चालू ठेव. त्या पुस्तकांचे पैसे या हिशेबात मोजू नकोस. कापायचं ते हप्त्यावरचे कपडे, मित्रांच्या वाढदिवसाच्या पार्ट्या, बाहेरचं खाणं. पोरं चिडवतील, तर चिडवू दे.

कर्ज फिटलं की तेच 6,000 पोस्टात आवर्ती ठेवीत टाक, पाच वर्षांसाठी. खातं आईच्या आणि तुझ्या नावानं काढ.

पहिले पैसे आले की सावकाराकडे मी स्वतः जाईन आणि पावती घेऊनच उठेन. तिचा फोटो तुला त्याच दिवशी पाठवतो. तूही वहीत तारीख लिहून ठेव.

तुझा मामा