नेपाळ : शिखराखालचा देश

द्वितीय वर्ष, कला

नेपाळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे येतात. एक एव्हरेस्टचे आणि दुसरे दाराशी उभ्या असलेल्या गुरख्याचे. मीही याला अपवाद नव्हते. आमच्या गावाजवळच्या आंब्याच्या बागेत मोहोर धरला की नेपाळी राखणदार येतात. गावात त्या सगळ्यांना 'बहादूर' म्हणतात. खरे नाव कोणी विचारीत नाही. गेल्या फाल्गुनात तेथील मांगरात राखणदाराची बायको चुलीवर काहीतरी घोटत होती. आईने डोकावून पाहिले आणि ती म्हणाली, "अगो, ही तर आपली नाचणी!" त्या दिवसापासून आई तिला 'वयनी' म्हणू लागली आणि ती आईला 'दिदी'.

मला मात्र प्रश्न पडला, हिमालयाच्या देशात नाचणी कशी? त्याचे उत्तर मी ग्रंथालयात शोधले. नेपाळला मी अजून गेलेले नाही. पण जाणाऱ्याने जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, एवढे सांगण्याचा या लेखात प्रयत्न आहे.

भूमी आणि माणसे

नेपाळचे क्षेत्रफळ सुमारे १,४७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी. दक्षिणोत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा रुंदीत जमीन समुद्रसपाटीपासून शंभर मीटरपेक्षा कमी उंचीवरून ८,८४८.८६ मीटरपर्यंत चढते. (एव्हरेस्टची ही उंची नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली संयुक्तपणे जाहीर केली. या शिखराला नेपाळी माणूस 'सगरमाथा' म्हणतो.)

या चढणीचे तीन टप्पे मानतात : तराई, पहाड आणि हिमाल. तराई म्हणजे सखल मैदान. तेथे भात, गहू, ऊस पिकतो. पहाडात उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते असतात. तेथे मका आणि नाचणी होते. नेपाळीत नाचणीला 'कोदो' म्हणतात. आपला कोद्रा वेगळा. आणखी वर गेले की जव, फापर नावाचे धान्य, बटाटा आणि याक हाच आधार. आपल्याकडे वरकस जमिनीत भात होत नाही म्हणून नाचणी, वरी पेरतात. पहाडातल्या शेतकऱ्याचा हिशेबही हाच आहे. माझ्या प्रश्नाचे उत्तर असे आमच्याच डोंगरावर होते.

२०२१ च्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ९१ लाख आणि मातृभाषा १२४. राजभाषा नेपाळी ही देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे काठमांडूतील दुकानांच्या पाट्या मराठी माणसाला पहिल्याच दिवशी वाचता येतील. त्याच खोऱ्यातील नेवार लोकांची भाषा मात्र अगदी वेगळ्या, तिबेटी-बर्मी कुळातील आहे.

इतिहास

तराईतील लुंबिनी हे गौतम बुद्धांचे जन्मस्थान. तेथे सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून या गावाचा कर कमी केला, असे त्यावर कोरलेले आहे. काठमांडूच्या खोऱ्यात चांगुनारायण मंदिरापाशी लिच्छवी राजा मानदेव याचा इ. स. ४६४ चा शिलालेख आहे.

पुढे मल्ल राजांच्या काळात या एका खोऱ्यात काठमांडू, पाटण आणि भक्तपूर अशी तीन राज्ये झाली. शेजाऱ्यापेक्षा आपला चौक अधिक देखणा व्हावा या ईर्षेतून त्यांनी मंदिरे आणि राजवाडे उभारले. या खोऱ्यातील कारागिरांची कीर्ती त्यापूर्वीच दूरवर गेली होती. तेराव्या शतकात अरनिको नावाचा तरुण कारागीर साथीदारांसह तिबेटात गेला आणि तेथून कुबलाईखानाच्या दरबारी पोहोचला. घर सोडताना तो माझ्याहूनही वयाने लहान होता. त्याने बांधलेला पांढरा स्तूप बेजिंगमध्ये आजही उभा आहे.

गोरखा या लहानशा राज्याचा राजा पृथ्वीनारायण शाह याने १७६८-६९ मध्ये खोरे जिंकले आणि आजच्या नेपाळची घडण सुरू झाली. इंग्रजांशी १८१४ ते १८१६ असे युद्ध झाले. त्याच काळात इंग्रजांनी गुरख्यांची सैन्यभरती सुरू केली. १८४६ ते १९५१ अशी शंभराहून अधिक वर्षे सत्ता राणा घराण्याच्या हाती होती. २००८ साली राजेशाही संपून नेपाळ प्रजासत्ताक झाले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि अनेक जुनी मंदिरे कोसळली.

महाराष्ट्राशी जोडलेली एक आठवण येथे सांगितली पाहिजे. नागपूरच्या धर्मांतरानंतर अवघ्या महिनाभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. प्रकृती ढासळलेली असतानाही तेथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांवर भाषण केले. ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

सण आणि श्रद्धा

नेपाळात हिंदू आणि बौद्ध परंपरा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. काठमांडूची 'कुमारी' ही बौद्ध शाक्य कुळातील लहान मुलगी असते. पण तिची पूजा तलेजू या देवीचे रूप म्हणून हिंदूही करतात. दशैं म्हणजे आपला दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळी. तिहारात पहिल्या दिवशी कावळ्याला घास, दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात माळ आणि शेवटी भाऊबीजेला भावाला टिळा. राखणीच्या कुत्र्याची वर्षातून एकदा पूजा करणारा समाज आपल्याला काही शिकवून जातो.

ताट

रोजचे जेवण म्हणजे डाळ, भात, भाजी आणि अचार. सकाळी दहाच्या सुमारास एकदा आणि संध्याकाळी एकदा. पाल्याची भाजी मडक्यात दाबून आंबवतात आणि उन्हात वाळवतात. हा 'गुन्द्रुक' हिवाळ्याची बेगमी. मोमो हा पदार्थ तिबेटकडून आला. नेवारांची 'योमरी' म्हणजे तांदळाच्या पिठात गुळाचे सारण. मोदकाची बहीणच म्हणा ना! अचारातले 'टिमुर' हे आपल्या तिरफळाच्या जातकुळीतले. बांगड्याच्या तिखल्यात आपण जे घालतो, त्याचेच भावंड हिमालयातही आहे.

मांगरात वयनी जे घोटत होती तो 'ढिंडो'. उकळत्या पाण्यात नाचणीचे किंवा मक्याचे पीठ घालून घोटलेला घट्ट गोळा. पहाडात भात हे मानाचे अन्न. भेटल्यावर विचारतात तेही 'भात खानुभयो?' असे. त्यामुळे ढिंडो खाणाऱ्याला पुष्कळ काळ गरीब समजले गेले. आता काठमांडूच्या उपाहारगृहांत तोच ढिंडो पैसे मोजून खातात.

हे वाचले तेव्हा मला माझीच लाज वाटली. वसतिगृहात आल्यावर पहिले वर्षभर मी आईने दिलेली नाचणीची भाकरी डब्याचे झाकण अर्धे ठेवून खाल्ली आहे. ज्या उतारावर दुसरे काही पिकत नाही तेथे माणसाला जगवणारे हे धान्य. ते लपवावे असे त्यात काय होते?

लाहुरे आणि चाकरमानी

पहाडातले धान्य वर्षभर पुरत नाही, म्हणून माणसे घर सोडतात. पूर्वी ती रणजितसिंहांच्या सैन्यात भरती व्हायला लाहोरला जात. त्यावरून परमुलखात शिपाईगिरी करणाऱ्याला 'लाहुरे' हा शब्द पडला. आज ती भारतात, आखाती देशांत, मलेशियात जातात. अलीकडच्या वर्षांत परदेशातून येणारा पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढा आहे. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर चूल पेटवलेल्या आपल्या गावांना हे वेगळे समजावून सांगायला नको. लाहुरे आणि चाकरमानी ही एकाच दुःखाची दोन नावे आहेत.

म्हणून नेपाळला जाणाऱ्याने शिखर जरूर पाहावे. पण त्याखालच्या उतारावर काय पिकते आणि तेथला मुलगा कोणत्या गावी कामाला गेला आहे, हेही विचारावे. आणि ज्यांना तेवढे लांब जाणे जमणार नाही, त्यांना जवळच्या बागेपर्यंत तरी जाता येईल. नेपाळीत थोरल्या भावाला 'दाजू' म्हणतात. येत्या मोहोराला ते कुटुंब परत आले की मी राखणदाराला दाजू म्हणणार आहे, आणि आधी त्यांचे नाव विचारणार आहे.