खाडीकाठी सायकलची वाट का होत नाही?

प्रश्न : डोंबिवलीच्या मोठागावापासून कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत खाडीकाठ मोकळाच दिसतो. तिथे गाड्यांविना, फक्त चालायला आणि सायकलला रस्ता करायला अडचण काय?

उत्तर : तुम्ही काठ पाहिलात तो बहुधा ओहोटीला. उल्हास नदीला दुर्गाडीपाशीही भरती-ओहोटी असते, म्हणून तर तिला इथे सगळे खाडीच म्हणतात. तुम्हाला मोकळी वाटलेली चिखलाची पट्टी दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आणखी आत शिरतं. त्यातच घाटात मुसळधार पाऊस असला, तर वरून आलेल्या पुराला समुद्राकडे जायला वाव राहत नाही. २०१९च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, ती याच उल्हासच्या पुरात.

'मग भराव टाकून रस्ता उंच करा की!' हा सल्ला हमखास येतो. पण भरावाने अडवलेली जागा पाणी सोडून देत नाही. ते समोर भिवंडीच्या बाजूला तरी चढतं, नाहीतर नाल्यांतून उलटं आपल्याच गल्लीत येतं. शिवाय काठावर तिवरं आहेत. त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर येऊन हवा घेतात. त्यांवर मुरूम पडला की झाड गुदमरतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांभोवती ५० मीटरची पट्टीही राखायला सांगितली. सार्वजनिक हिताचं काम असलं, तरी न्यायालयाकडे जावं लागतं.

दुसरा गैरसमज खर्चाचा. पैसा फरशीत जात नाही, नाल्यांवरच्या पुलांत जातो. वाटेतला एक जरी नाला ओलांडता आला नाही, तरी सायकलवाला पुन्हा ट्रकांच्या रांगेत. म्हणून आपल्याकडे वाटेऐवजी चौपाटी आधी होते. ठाण्यात गायमुखला ती झाली आहे. संध्याकाळी बसायला छान, पण तिथे पोचायचं घोडबंदर रस्त्यानेच.

मग होणारच नाही का? माझ्या मते होईल, पण पाण्याला अगदी लगटून नाही. खाडीकाठच्या शेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेले खारभूमीचे बांध ठाणे-रायगडमध्ये जुने आहेत. गावकरी त्यांवरून रोज चालतात आणि उघाड्यांवरून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवरून, पलीकडे जातात. असे बांध जिथे शाबूत आहेत, तिथे ते बळकट करणं नव्या भरावापेक्षा केव्हाही बरं. जलवाहिनीलगतची जागाही सोयीची, कारण मालक एकच. मुंबई महापालिकेने तानसा जलवाहिनीलगत ३९ किलोमीटरची सायकलवाट आखली, ती याच हिशेबाने.

राहिला प्रश्न गाड्या रोखण्याचा. तोंडाशी खांब रोवले की मोटार अडते. स्कूटर मात्र हँडल वाकडं करून आत येतेच, आणि मागोमाग वडापावची गाडीही. तिथे खांबापेक्षा दंडाची पावती लवकर कामाला येते.