गुडघ्याची गोळी : बावीस रुपयांचा हिशेब

दिवसभर वाकून ज्वारी उपटायची, मग कणसं मोडायची. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात काढणी लागली की संध्याकाळी गुडघे बोलू लागतात. मेडिकलातून आणलेली ‘सुजेची गोळी’ म्हणजे बहुधा डायक्लोफेनॅक, नाहीतर तिची सख्खी बहीण अ‍ॅसिक्लोफेनॅक. पैसे देण्याआधी पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

नुसत्या डायक्लोफेनॅकच्या 50 मिलिग्रॅमच्या गोळीला एप्रिल 2025 मध्ये सरकारने 2 रुपये 9 पैसे कमाल दर ठरवला. दहा गोळ्यांचे 20 रुपये 90 पैसे, वर 5 टक्के जीएसटी. या हिशेबाने पट्टी 22 रुपयांच्या आत बसते. पण त्यात पॅरासिटामॉल किंवा सेरॅशिओपेप्टिडेज मिसळलं की हा दर लागू होत नाही. म्हणून डॉक्टरांनाच विचारा, ‘साधी गोळी चालेल का?’ जनऔषधी केंद्रात ती आणखी स्वस्त पडते. कमाल दर ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर पाहता येतो.

स्वस्त म्हणजे कमअस्सल, हा गैरसमज सोडा. हे औषध सिबा-गायगी या स्विस कंपनीने बाजारात आणलं. त्याचं पेटंट केव्हाच संपलं. क्लोरीन असलेल्या डायफिनाइल अमाइनवर क्लोरोअ‍ॅसिटिल क्लोराइडची क्रिया करतात, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडने रेणूत कडं जुळवतात आणि कॉस्टिक सोड्याने ते उघडतात. हाती येतं डायक्लोफेनॅक सोडियम. तारापूरला कारखाने असलेली आरती ड्रग्ज ते बनवते. गोळीवरचं आवरण पोटात न विरघळता आतड्यात विरघळावं म्हणून असतं, तेव्हा ती कुटून घेऊ नका.

खरा खर्च पुढे असतो. ही गोळी जठराला जखम करू शकते, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते, हृदयविकाराचा धोका वाढवते. उन्हात घाम गाळून, पाणी कमी पिऊन, त्यात रक्तदाबाची औषधं चालू असताना ती घेणं फार धोक्याचं. एकाच गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डायक्लोफेनॅकचं जेल विचारा. ते रक्तात फार कमी उतरतं. आणि ही औषधं गुरांना देऊ नका. औषध दिलेल्या जनावरांचं मढं खाऊन गिधाडं मेल्यामुळे 2006 मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली.

गोळी आठवडाभर घ्यावी लागत असेल, तर ग्रामीण रुग्णालय गाठा आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं का ते विचारा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत.