वर्गात मूल अचानक कोसळलं तर : काय करावं, काय टाळावं

वर्गात एखाद्या मुलाला फिट आली की चार हात एकदम पुढे येतात. कुणी कांदा आणायला पळतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी दातखीळ सोडवायला चमचा शोधतं. मदत मनापासून असते, पण त्यातूनच दात तुटतात, पाणी श्वासनलिकेत जातं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय कितीही जवळ असलं तरी पहिली काही मिनिटं वर्गावरच्या शिक्षकाच्याच हातात असतात.

फिट आली तर

करावं : आधी घड्याळ पाहा. बाक बाजूला सारा, चष्मा काढा, टाय सैल करा, डोक्याखाली घडी घातलेली ओढणी किंवा स्वेटर ठेवा. शक्य होताच मूल कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटांनंतरही सुरूच राहिले, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, डोक्याला मार लागला किंवा फिट आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. फिटमध्ये पुष्कळदा चड्डी किंवा सलवार ओली होते. वर्ग ते पाहतो, आणि त्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत यायची भीती आजारापेक्षा मोठी वाटते. म्हणून बाकीच्या मुलांना दुसऱ्या शिक्षकांबरोबर व्हरांड्यात पाठवा, अंगावर शाल टाका. कपाटात कपड्यांचा एक जादा जोड ठेवाच.

टाळावं : हातपाय दाबून धरणं. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालणं. कांदा-चप्पल. मोबाइलवर चित्रण. ‘बाहेरचं काहीतरी आहे’ असं कुणी बोलू लागलं तर तिथंच थांबवा. हा मेंदूचा आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

परिपाठात चक्कर आली तर

उपाशीपोटी आलेलं मूल प्रार्थनेच्या रांगेत घेरी येऊन पडतं, हे दर शाळेला ठाऊक आहे.

करावं : जमिनीवर आडवं झोपवा, पाय थोडे उचलून धरा, वारा घाला. मिनिटभरात शुद्ध आली नाही तर १०८. एप्रिलच्या उन्हात अंग तापलेलं असेल आणि मूल असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात समजा : सावलीत न्या, ओल्या कपड्यानं अंग पुसत पंख्याखाली ठेवा आणि १०८ लावा.

टाळावं : बखोट धरून उभं करणं, अर्धवट शुद्धीत पाणी पाजणं.

टाइप १ मधुमेह असलेलं मूल

मुलांनाही मधुमेह होतो, हे अजून कित्येक स्टाफरूममध्ये पटत नाही. आपल्याच शहरात ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते.

करावं : रक्तातली साखर उतरून घाम, थरथर, एकाएकी चिडचिड किंवा गप्प होणं दिसलं आणि मूल गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. १५ मिनिटांनी रक्तातली साखर तपासा. बेशुद्ध असेल तर १०८.

टाळावं : ‘तास संपल्यावर खा’ म्हणणं. एकट्याला ऑफिसात पाठवणं. बेशुद्ध मुलाच्या तोंडात साखर घालणं.

दम लागला तर

दमा असलेल्या मुलाला ताठ बसवा, त्याचाच पंप (इनहेलर) त्याला द्या. झोपवू नका. पंप मुख्याध्यापकांच्या कुलुपात असेल तर तो नसल्यासारखाच.

घोळणा फुटला तर

मान पुढे झुकवा आणि नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत दाबून धरा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं.

घास अडकला तर

खोकता येत असेल तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर ५ वेळा आत-वर दाबा. हे आळीपाळीनं करत राहा. न दिसणारी वस्तू काढायला बोट घालू नका.

कारण कोणतंही असो, हाक मारून, हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबलेला असेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब सुरू करा. प्रशिक्षण घेतलेलं असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. रुग्णवाहिका येईपर्यंत दाब देणं थांबवू नका.

गाडी बोलावताना

करावं : एकानं १०८ लावावा, दुसऱ्यानं पालकांना. सिडकोत ‘एन-६’, ‘एन-७’ स्पष्ट उच्चारा, जवळचा चौक सांगा. गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या गल्ल्यांत शाळा असेल तर एक शिपाई मुख्य रस्त्यावर उभा करा.

टाळावं : पालक येईपर्यंत वाट पाहणं. बेशुद्ध मुलाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं तर कधीच नको. मान लोंबकळते, श्वास अडतो, आणि वाटेत ते पाहणारं कुणी नसतं.

जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात

पालकांकडून लिहून घ्या : आजार, औषध, डॉक्टर, दोन फोन नंबर. फिट येते हे लपवणारे पालक भेटतात, कारण मुलीच्या लग्नाची काळजी त्यांना आतापासूनच असते. त्यांना सांगा की ही माहिती वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांपलीकडे जाणार नाही, आणि ती जाऊ देऊ नका.

आणि प्रसंग घडलाच तर त्याच दिवशी कागदावर नोंद करा : किती वाजता, किती मिनिटं, आधी काय दिसलं, काय दिलं. तो कागद मुलाबरोबर दवाखान्यात पाठवा. डॉक्टर हेच प्रश्न विचारतात, आणि आईवडील तेव्हा वर्गात नसतात.