पेला कोणी धुवावा?

(पाठासाठीं वाचावयाचे उतारे : १ करिंथ ११ : १७–३४, प्रेषितांचीं कृत्यें ६ : १–७.)

खेड्यांतील मंडळींतून कोणी मुंबईस जाऊन आला कीं त्यास बहुधा दोन प्रश्न विचारले जातात. तेथील उपासनामंदिर केवढें आहे, आणि पाळकसाहेब कोण आहेत. मंदिर झाडतो कोण, घंटा वाजवितो कोण, प्रभुभोजनाचा पेला धुतो कोण, हें कोणी विचारीत नाहीं. आजच्या पाठांत आपण हाच न विचारलेला प्रश्न घेणार आहों, व त्यासाठीं प्रभादेवी-परळ भागांतील एका लहानशा मंडळीच्या जीवनाकडे पाहणार आहों.

प्रभादेवी हा मुंबईच्या पश्चिम कांठावरील भाग होय. प्रभावती देवीच्या जुन्या देवळावरून त्यास हें नांव पडलें. सिद्धिविनायकाचें प्रसिद्ध देऊळहि तेथेंच आहे. जवळचें रेल्वे स्थानक पूर्वीं एल्फिन्स्टन रोड या नांवानें ओळखलें जाई, तें २०१८ सालापासून प्रभादेवी झालें. परळ, लालबाग, वरळी यांप्रमाणेंच येथेंहि कापडाच्या गिरण्या व कामगारांच्या चाळी होत्या, आणि नगर, नाशिक, कोल्हापूर या बाजूंच्या खेड्यांतून पोटामागें आलेल्या लोकांत आपलीं ख्रिस्ती कुटुंबेंहि होतीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी-कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत होते. पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि चाळींतील अनेक बिऱ्हाडें कल्याण, बदलापूर, विरार अशा लांबच्या ठिकाणीं गेलीं. पूर्वीं दहा पावलांवर राहणारी मंडळी आतां रविवारीं सकाळीं आगगाडीनें येऊन जमते. जी बाई तास-दीड तास उभी राहून उपासनेस येते, ती इतक्या लांब कशासाठीं येते, हें पाळकांनीं व पंचांनीं कधीं तरी मनाशीं विचारून पाहण्याजोगें आहे.

बिशपांच्या देखरेखीखालीं चालणाऱ्या मंडळीस एपिस्कोपल म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा एवढाच आहे. मुंबईस पहिले अँग्लिकन बिशप थॉमस कार हे १८३७ सालीं नेमले गेले, व त्याच परंपरेंतील सेंट मेरीज हें मंदिर परळास आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तींत अँग्लिकन आले, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामांतून निघालेल्या मंडळ्याहि आल्या. नगर जिल्ह्यांत एस.पी.जी.चे व अमेरिकन मिशनचे लोक एकमेकांकडे कसे पाहत असत, हें जुन्या वाचकांनीं घरांतील वडील माणसांकडून ऐकलें असेलच. आज त्यांचीं नातवंडें एकाच कठड्याशीं गुडघे टेकतात.

आतां उपासनेकडे वळूं. अँग्लिकन उपासना पुस्तकावरून चालते, आणि पुस्तकावरून प्रार्थना म्हणजे पाठ केलेली पोपटपंची असा आक्षेप खेड्यांत पुष्कळ वेळां ऐकूं येतो. हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. इंग्लंडांत १५४९ सालीं पहिलें प्रार्थनापुस्तक निघालें तें लोकांच्या भाषेंत निघालें, व पाळकांनीं एक वाक्य म्हणावें आणि मंडळीनें त्यास उत्तर द्यावें अशी त्याची रचना होती. ज्या मनुष्यास चारचौघांत उभें राहून स्वतःच्या शब्दांनीं प्रार्थना करण्याचें धैर्य होत नाहीं, त्यालाहि तेथें वांटा मिळतो. जिला अक्षर येत नाहीं ती आजीबाई चार रविवार ऐकून पांचव्या रविवारीं उत्तर म्हणूं लागते. शिवाय पूर्वीं सामान्य लोकांस नुसती भाकर मिळे व पेला धर्मगुरूंपुरता राही. या पुस्तकानें भाकर व पेला हीं दोन्ही सर्वांस देण्याची रीत घालून दिली.

हा एक पेला आपल्या देशांत काय करितो, याचा विचार इंग्रज ग्रंथकारांस फारसा करावा लागला नाहीं. आपणांस करावा लागतो. पुण्यास पंचहौद मिशनांत १८९० सालीं घडलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनें पुण्यांतील कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ तेथें व्याख्यानास गेले. लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे हेहि त्यांत होते. व्याख्यानानंतर चहा पुढें आला. कोणी तो प्याले, कोणी नुसता पेल्यास हात लावला. मग गेलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि टिळक-रानड्यांसारख्यांसहि प्रायश्चित्ताच्या भानगडींत पडावें लागलें. हा प्रत्येकाच्या वेगवेगळ्या पेल्यांतला चहा होता! मग ज्या पेल्यास ब्राह्मण कुळांतून आलेला, महारवाड्यांतून आलेला व मांगवाड्यांतून आलेला असे तिघे एकामागून एक ओठ लावतात, त्या पेल्याविषयीं काय म्हणावें? काशीचे शास्त्री निळकंठ गोरे यांनीं १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला, पुढें ते अँग्लिकन धर्मगुरू झाले, व १८९५ सालीं वारले. अशा पुरुषानें आपल्या पूर्वाश्रमींच्या सोवळ्याचें काय केलें, हें त्यांच्या ग्रंथांतून शोधण्यापेक्षां त्या कठड्याशीं उभें राहून अधिक कळतें.

येथें एक व्यावहारिक शंका येते. क्षयाचा खोकला असलेल्या मनुष्यानें त्याच पेल्यांतून प्यावें काय? २०२० च्या साथींत उपासनामंदिरें बंद झालीं, आणि उघडल्यावरहि पुष्कळ ठिकाणीं कांहीं काळ एक पेला बाजूस ठेवावा लागला. ही शहाणपणाचीच गोष्ट होती. आजारी मनुष्यानें नुसती भाकर घेतली तरी त्याचें प्रभुभोजन अपुरें होत नाहीं, अशीच अँग्लिकन शिकवण आहे. तें त्यास आधींच प्रेमानें सांगून ठेवावें, म्हणजे कठड्याशीं त्याची फजिती होणार नाहीं. पेला देणारानें प्रत्येक वेळीं कांठ स्वच्छ वस्त्रानें पुसून पेला थोडा फिरवावा. मात्र "आरोग्यासाठीं" म्हणून एखाद्या घराण्यापुरताच पेला वेगळा निघूं लागला, तर तेथें खरा आजार कोणता आहे तें पंचांनीं ओळखावें.

एवढा विचार उपासनेपुरता झाला. आमच्या मतें खरी परीक्षा पुढें आहे.

लहान मंडळींत पगारी शिपाई नसतो. शनिवारीं सायंकाळीं कोणी तरी येऊन मेजावरील वस्त्र बदलतें, भाकर व द्राक्षारस पुरेसा आहे ना तें पाहतें, दिवे, फुलें, वाचनाच्या खुणा नीट लावितें. रविवारीं कोणी दारांत उभें राहून पुस्तकें देतें, कोणी शास्त्र वाचतें, कोणी मुलांना शिकवितें. दान दोघांनीं मिळून मोजावयाचें व वहीवर दोघांनीं सही करावयाची. मोजणारा कितीहि विश्वासू असो, त्याला एकट्याला पैशापाशीं बसविणें हा त्याच्यावरच अन्याय आहे, कारण उद्यां कोणी कुजबुजला तर त्याच्या बाजूनें बोलणारा साक्षी उरत नाहीं. उपासनेनंतर चहा होतो. लांबून आलेल्या लोकांस तो नुसता चहा नसतो. चाळीच्या गॅलरींत ज्या गोष्टी रोज बोलल्या जात, त्या आतां आठवड्यांतून एकदां ह्या अर्ध्या तासांत बोलाव्या लागतात. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या मुलीचें ठरलें, कोणाचें सासर दुखावलें आहे, हें पाळकांना उपदेशपीठावरून दिसत नाहीं, तें चहाच्या वेळीं दिसतें.

परंतु चहा संपल्यावर पेले कोण धुतो? येथें मंडळीचें खरें स्वरूप बाहेर पडतें. वेदीवरचा पेला सर्वांचा, आणि चहाचे पेले मात्र दर रविवारीं त्याच दोघी बायांचे, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं आहे. त्या दोघी कोणत्या घरांतल्या, विधवा कीं गरीब, कोणत्या गांवच्या, हें पाहिलें तर कधीं कधीं जुनाच गांवगाडा नव्या मंदिराच्या मागल्या दारानें आंत आलेला दिसतो. करिंथाच्या मंडळींत हेंच झालें होतें. श्रीमंत आधीं येऊन जेवले, राबणारे उशिरां आले ते उपाशी राहिले. आणि पौलानें त्यांच्या जेवणाच्या ह्या रीतीवरूनच त्यांच्या प्रभुभोजनाचा दोष काढला. यरुशलेमेंत तंटा झाला तोहि वाढण्यावरूनच. परभाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वांटणींत दुर्लक्ष होई. तेव्हां प्रेषितांनीं सात पुरुष निवडविले, त्यांच्यावर हात ठेवले, व त्यांच्याकडे पंगतीचें काम दिलें. पंगत पाहण्यास पवित्र आत्म्यानें भरलेले लोक हवेत असें त्यांस वाटलें. आपण तें काम बहुधा ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं त्याला देतों.

उलट बाजूचा दोषहि सांगितला पाहिजे. जो सर्व कामें एकटाच करितो, तो कांहीं वर्षांनीं किल्लीचा मालक होतो. त्याच्या परवानगीशिवाय कपाट उघडत नाहीं, आणि तो आजारी पडला कीं मंडळीची उपासना अडते. प्रत्येक कामास दोन माणसें असावींत, एक जुनें व एक नवें, आणि वर्षाच्या सभेंत तीं बदलावींत. पुरुषांनीं पेले धुवावे व स्त्रियांनीं दान मोजावें. यांत कोणाची अब्रू जात नाहीं.

परळ भागांतील मंडळीपुढें आणखी एक काम आपोआप येऊन पडतें, व त्याचा आमच्या खेड्यांतील वाचकांशीं अगदीं जवळचा संबंध आहे. के.ई.एम. रुग्णालय १९२६ सालीं उघडलें, टाटा मेमोरियल १९४१ सालीं. वाडियांचीं बायकांचें व मुलांचें अशीं दोन रुग्णालयें तेथेंच आहेत. आपल्या गांवचा मनुष्य कर्करोगाच्या उपचारास गेला कीं त्याचे नातलग कित्येक दिवस पदपथावर काढतात. दादरास संत गाडगे महाराजांच्या नांवानें चालणारी धर्मशाळा अशा लोकांस आसरा देते. ती आपल्या मंडळीची नाहीं म्हणून तिचें नांव सांगण्यास कोणी संकोचूं नये.

धर्मशिक्षकांनीं आजाऱ्यास पाठवितांना तेथील मंडळीच्या पाळकांस चार ओळींचें पत्र द्यावें : नांव, गांव, रुग्णालय, बरोबर आलेल्या मनुष्याचा दूरध्वनि. आजार कोणता हें आजाऱ्याच्या संमतीशिवाय लिहूं नये, आणि मंडळींत वाचून दाखवूं नये. भेटीस जाणारांनीं दोघांनीं मिळून जावें, थोडा वेळ बसावें, परिचारिकेस विचारल्याशिवाय खाऊ देऊं नये, औषधाविषयीं सल्ला मुळींच देऊं नये. प्रार्थना करूं का, असें आधीं विचारावें. शेजारच्या खाटेवरील मनुष्य दुसऱ्या धर्माचा असेल तर त्याची चौकशी करावी, पाणी हवें का विचारावें. पण जो उठून जाऊं शकत नाहीं त्यास उपदेश करणें हें आम्हांस सभ्यपणाचें वाटत नाहीं. आपल्या आजाऱ्यास प्रभुभोजन हवें असेल तर पाळक भाकर व लहान पेला घेऊन खाटेपाशीं जातात. त्या वेळीं बरोबर जाणारा पंच हाच तेथें सगळी मंडळी असतो, म्हणून त्यानें घड्याळाकडे पाहत उभें राहूं नये.

आतां तुमच्या गांवाकडे येऊं. बारा घरांची मंडळी, पाळक महिन्यांतून एकदां येतात, एरवीं धर्मशिक्षक सकाळची प्रार्थना चालवितात. मधल्या तीन रविवारीं पेला कोणाच्या घरीं असतो? बहुतेक ठिकाणीं पेटी एका ठराविक घरींच वर्षानुवर्षें राहते, आणि ती दुसऱ्या आळींत कधीं गेली नाहीं हें सर्वांस ठाऊक असूनहि कोणी बोलत नाहीं. ह्या पाठानंतर धर्मशिक्षकांनीं तेवढी एक गोष्ट पंचांपुढें मांडावी : पेटी घरोघर, क्रमानें, एकेक महिना राहावी, व ज्या घरीं ती असेल त्या घरच्यांनींच पेला धुवावा. पहिला महिना ज्या घरीं ती कधींच गेली नाहीं, त्या घराचा असावा. कोणी नाराज झाला तर त्याच्या घरीं जाऊन बसावें, सभेंत त्याचें नांव काढूं नये.

धुण्याची रीत अशी. उपासना संपल्यावर पाळक उरलेलें स्वतः संपवितात व पेल्यांत पाणी घालून तें पितात. त्यानंतर पेला कोमट पाण्यानें धुवावा. चांदीचा मुलामा असेल तर राख किंवा चिंच लावूं नये, मुलामा निघतो. कोरड्या सुती वस्त्रानें पुसून पेटींत ठेवावा. पुसण्याचीं वस्त्रें निराळ्या पातेल्यांत भिजवावींत, आणि त्यांचें पहिलें पाणी मोरींत न सोडतां अंगणांतल्या झाडाच्या मुळाशीं ओतावें.