निद्राश्वासावरोध आणि नेत्रगत रक्ताभिसरण

माधवनिदानात मेदोरोगाच्या लक्षणांमध्ये 'क्रथन' हा शब्द आला आहे. झोपेत श्वास अकस्मात अडणे असा त्याचा अर्थ घेतला जातो. आज ज्या व्याधीस 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' म्हणतात, तिच्याशी हे लक्षण पुष्कळ अंशी जुळते. या व्याधीचा हृदयाशी असलेला संबंध बहुतेक वैद्यांस परिचित आहे. नेत्राशी असलेला संबंध मात्र दुर्लक्षित राहतो, म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

संप्राप्ती
झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो. श्वास किमान 10 सेकंद थांबल्यास तो एक ॲप्निया मानतात. पूर्ण वा अंशतः अवरोधाचे प्रसंग तासाला 5 ते 15 असल्यास व्याधी सौम्य, 15 ते 30 असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र समजली जाते. प्रत्येक प्रसंगी रक्तातील प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो आणि श्वास पुन्हा सुरू होताना रक्तदाब उसळतो. रात्रभर हे चक्र चालल्याने रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरावर ताण येतो. वाहिनी विस्फारणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते आणि आकुंचन घडविणारे एन्डोथेलिन वाढते. आपल्या परिभाषेत कफ व मेदाने मार्ग आवृत झाल्याने प्राण आणि उदान यांची गती अडते व व्यानाच्या रसरक्तविक्षेपणात वैषम्य येते, असे म्हणता येईल.

नेत्रावरील परिणाम
नेत्रास मिळणारे रक्त हे रक्तदाब आणि नेत्रांतर्गत दाब यांच्या अंतरावर अवलंबून असते. दृष्टिपटलाच्या वाहिन्या गरजेनुसार आपला व्यास बदलतात. वारंवार प्राणवायू घटल्यास ही क्षमता क्षीण होऊ शकते. दृष्टिनाडीच्या अग्रभागास पश्च सिलियरी धमन्यांच्या सूक्ष्म शाखा रक्त पुरवितात. तेथे पुरवठा अपुरा पडल्यास एका डोळ्याची दृष्टी वेदनेविना एकाएकी मंदावते आणि रुग्णास ते बहुधा सकाळी उठल्यावर जाणवते. 2002 साली मोजोन व सहकाऱ्यांनी अशा 17 रुग्णांची निद्रातपासणी केली. त्यांपैकी 12 जणांत स्लीप ॲप्निया आढळला. संख्या लहान असली तरी पुढील अनेक अभ्यासांतही हा संबंध दिसला. काचबिंदू (विशेषतः नेत्रदाब प्राकृत असतानाचा), दृष्टिपटलाच्या शिरेतील अवरोध, मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार आणि वरची पापणी ढिली होऊन सहज उलटणे यांच्याशीही संबंध नोंदला गेला आहे. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. स्थौल्य, मधुमेह व उच्च रक्तदाब हे या सर्वांत समान दुवे आहेत.

व्यवहारात काय करावे?
1. स्थूल व घोरणाऱ्या रुग्णास दिवसाची झोप, सकाळची डोकेदुखी आणि दृष्टीतील बदल यांविषयी अवश्य विचारावे. शक्य तर शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीस विचारावे.
2. झोपेच्या तक्रारीवर सर्पगंधायुक्त कल्प देण्यापूर्वी घोरण्याची चौकशी करावी. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, सुस्ती येते व नाक चोंदते. या तिन्ही गोष्टी येथे अहितकर आहेत. औषधविक्रेत्यांनीही हे कल्प व झोपेच्या गोळ्या मागणीवरून देऊ नयेत.
3. रक्तदाबाचे औषध रात्री चालू असल्यास संबंधित डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. रात्री दाब फार उतरल्यास दृष्टिनाडीस धोका संभवतो. औषध परस्पर बंद करू नये.
4. एकाएकी दृष्टी मंदावल्यास तर्पण, अंजन वा नेत्रबिंदूंत वेळ न दवडता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. एक डोळा गेलेल्या रुग्णाचा दुसरा डोळा वाचविणे हे येथे खरे कार्य आहे.
5. निदान निद्रातपासणीनेच होते. मध्यम व तीव्र अवस्थेत 1981 साली सुलिव्हन यांनी वर्णिलेले सीपॅप यंत्र हा मुख्य उपाय होय. त्याने काही रुग्णांत रात्री नेत्रदाब वाढू शकतो, म्हणून काचबिंदू असल्यास नेत्रतज्ज्ञांस कळवावे.

लेखन, व्यायाम, रूक्षोष्ण आहार आणि दिवास्वापवर्जन यांनी मेद घटविणे हे आपले क्षेत्र आहे व त्याचा लाभ निश्चित आहे. मद्यवर्जन आणि कुशीवर झोपणे हेही सांगावे. परंतु हे उपाय तपासणीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीने योजावेत, असे आमचे मत आहे.